बंद पडणाऱ्या गाडीची जबानी

मी दोन माणसांपुरती, उघड्या छपराची, जुनी विलायती गाडी बोलतेय. माझा आवाज फारसा कुणाला ओळखीचा वाटायचा नाही, कारण मधली दोन वर्षं मी अर्ध्या वाटेतच गप्प व्हायचे. चढावर, चौकात, एकदा तर वाहतूक पोलिसाच्या पुढ्यात, त्याने ‘चला’ म्हणून हात केल्याबरोबर.

लोक म्हणायचे, विलायती नखरे आहेत. नखरे कसले? मी का बंद पडते ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, फक्त सांगायला तोंड नव्हतं. पण माझ्यापायी एका माणसाचा स्वतःच्या कानावरचा विश्वास उडाला आणि एका बाईचं माहेर तुटलं. हे कसं झालं ते सांगते. रडगाणं गाणार नाही. मला आता रडायलाही फारसं येत नाही.

माझा जन्म विलायतेतल्या एका थंड, धुरकट कारखान्यात झाला. फार जपून बनवलं असं काही नाही हं. शनिवार होता, कामगारांना घरी जायची घाई होती. माझ्या उजव्या दाराचा एक स्क्रू तेव्हापासून तिरका आहे. पहिल्या मालकाने मला पळवलं, दुसऱ्याने आठ वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. तिथे माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. मग एक औषधांचे दुकानदार आले, त्यांनी सीटवरची अंडी बाजूला काढून ठेवली आणि मला विकत घेतलं. तेच माझे आताचे मालक.

मला चालती केली ती त्यांच्या मेहुण्याने. मालकांच्या बायकोचा हा धाकटा भाऊ. ती त्याची ताई, म्हणून मीही तिला ताईच म्हणते. त्याचं छोटं गॅरेज होतं आणि सगळे त्याला कानसेन म्हणायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक तो माझ्या इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, “बोला बाई, काय होतंय?” मी बोलायचे. त्याला ऐकू यायचं. एवढं नीट माझं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

मालक वाईट नाहीत. पण चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात काढलेला माणूस, त्यांना उघडी वस्तू बघवत नाही. उघडी बाटली म्हणजे उडून गेलेलं औषध, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. घरात मिठाच्या बरणीला दोन झाकणं. शाईच्या पेनाचं टोपण दुसऱ्याने उघडं ठेवलेलं दिसलं, तर अनोळखी माणसाच्या खिशातलं पेनही बंद करतील. ताई म्हणायची, “यांना चंद्रालासुद्धा झाकण लावायचंय.”

अडीच वर्षांपूर्वी कानसेनने माझे दोन्ही कार्बोरेटर खोलून, धुऊन, पुन्हा बसवले. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळायची जागा. काम झकास झालं होतं. चार दिवसांनी मालक माझ्या टाकीत पेट्रोल भरत होते, तेव्हा त्यांना टाकीच्या झाकणाला आतून एक बारीक भोक दिसलं. त्यांनी नाक लावलं. पेट्रोलचा वास आला. म्हणजे उडतंय. त्यांनी दुकानातून इंजेक्शनच्या बाटलीचं रबरी बूच आणलं, त्याची चकती कापली आणि त्या भोकावर आतून चिकटवली. हात पुसले, जेवायला गेले आणि विसरून गेले. त्यांच्या लेखी ते काम नव्हतंच, बाटलीला बूच लावण्यासारखं होतं.

पण ते भोक माझ्या श्वासाचं होतं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गुळगुळ करत अडतं, म्हणून दुसरं पाडतात ना? तसंच ते. टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला हवी. ती बंद झाली. अर्धा तास मी बरी धावायचे, मग पेट्रोल पुढे सरकायचंच नाही आणि मी आचके देत थांबायचे. वीस मिनिटं उभी राहिले की कुठल्याशा फटीतून थोडी हवा आत झिरपायची आणि मी पुन्हा सुरू व्हायचे. पेट्रोल भरलं जायचं ते मी रात्रभर उभी राहिल्यावर, तोवर हवा आत आलेली असायची, म्हणून झाकण उघडताना आवाज व्हायचा नाही आणि ते उलटं करून कुणी बघायचं नाही.

या वीस मिनिटांनीच घोळ घातला. मालक आधी बॉनेट उघडायचे. कधी स्पार्क प्लग पुसायचे, कधी वायर हलवायचे, कधी पंपावर टिचकी मारायचे. तोवर हवा भरलेली असायची. मी सुरू झाले की शेवटी ज्याला हात लावला तो दोषी ठरायचा. “प्लगच होता,” ते ताईला सांगायचे. पुढच्या रविवारी, “वायरच होती.” त्याच्या पुढच्या रविवारी कॉइल. असे निम्मे भाग बदलून झाले. ताईला बरोबर न्यायचे, कारण ते ढकलत असताना स्टिअरिंग धरायला कुणीतरी हवं. ती बसायची आणि स्वेटर विणायची. रस्त्याच्या कडेला तिचे दोन स्वेटर पुरे झाले.

शेवटी मालकांचं ठरलं, कार्बोरेटर. धुतल्यानंतरच सुरू झालं ना हे सगळं? कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली.

कानसेनला बोलावलं. त्याने स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. मी ठीक होते, आणि ठीक आहे तेच सांगितलं. मग तो मला फिरवायला घेऊन गेला आणि अर्ध्या तासाने मी त्याच्याही हाताखाली बंद पडले. त्याचा चेहरा उतरला. त्याने कार्बोरेटर पुन्हा खोलले. तिसऱ्यांदा खोलले. पेट्रोलची नळी फुंकून पाहिली. तो अगदी जवळ आला होता. तेव्हाच त्याने सरळ विचारलं, “भावोजी, माझ्यानंतर गाडीला कुणी हात लावलाय का?”

“कुणी नाही,” मालक म्हणाले.

ते खोटं बोलले नाहीत. त्यांनी स्वतःचा हात मोजलाच नाही. आणि भावोजींचा शब्द म्हटल्यावर कानसेनने टाकीकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर त्याने सगळं स्वतः तपासलं असतं. समोर भावोजी होते म्हणून फसला.

पुढे मालक दुकानात बसून ज्याला त्याला सांगू लागले, “कानसेनचा कान गेला हो. माझी चांगली गाडी बिघडवली.” आता औषधांच्या दुकानात कोण येत नाही? सर्दीवाला येतो, गुडघेवाला येतो, आणि दोघांकडेही गाड्या असतात. ताई तेव्हा बाजूच्या खुर्चीवर औषधांच्या पाकिटांवर नावं लिहीत होती. ती काही बोलली नाही. हेच तिला पुढे खात राहिलं.

कानसेनचं गिऱ्हाईक आटलं. पण त्याहून वाईट, त्यालाही ते खरं वाटू लागलं. तो कानाच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने कान उत्तम आहे. “मग मला ऐकू का आलं नाही?” त्याने विचारलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी स्वतःच दोर आणून देतोय. त्याने गॅरेज बंद केलं आणि एका मोठ्या वाहनतळावर नोकरी धरली. गाड्या येतात, हा बटण दाबतो, दांडा वर जातो. ताईचे आईवडील कधीच गेलेले, भाऊ म्हणजेच माहेर. तिला कुणी अडवलं नव्हतं, पण त्याच्या दारात कुठल्या तोंडाने जायचं हे तिला कळेना. ती गेली नाही. तोही आला नाही.

त्या दिवसांत मला काय वाटायचं? सुरुवातीला लाज वाटायची. मग काहीच वाटेना. बंद पडायचं, उभं राहायचं, सुरू व्हायचं. घरातही तेच. दोघं जेवायची, ताटं धुतली जायची, दिवा बंद व्हायचा. भांडण नव्हतं. भांडायला निदान आवाज लागतो.

मग एका रविवारी दुपारी मी मोठ्या पुलाच्या अलीकडे थांबले. मालक बॉनेटकडे निघाले. ताईने विणकामातून डोकं वर न काढता म्हटलं, “आज आधी पेट्रोल तरी आहे का ते बघा. उगाच सगळं खोलत बसता.”

त्यांनी झाकण फिरवलं आणि मी दोन वर्षांचा श्वास घेतला. फूऽस्स आवाज झाला, चांगला लांब. मालक झाकण हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी ते उलटं केलं. रबर वाफेने फुगून आणखी घट्ट बसलं होतं. स्वतःच्या हाताने कापलेली चकती होती, त्यांनी ती लगेच ओळखली. नखाने उचकटली. किल्ली फिरवली. मी पहिल्या झटक्यात सुरू झाले.

ताईने चकती पाहिली. “हे कुणी लावलं?”

“मीच.”

तिने सुया पिशवीत ठेवल्या. “चला त्याच्याकडे.”

मी तासभर धावले, एकदाही अडखळले नाही. वाहनतळाच्या दांड्यापाशी काचेच्या खोक्यात कानसेन बसला होता. मालक उतरले, खिडकीशी गेले आणि चकती पुढे धरून खालच्या आवाजात सांगू लागले. त्याने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्याच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते. त्याने एक काढला.

“काय म्हणालात?”

आता पुन्हा सांगायचं म्हणजे मोठ्याने सांगायचं. मागे सात गाड्यांची रांग लागली होती. “टाकीचं भोक मी बंद केलं होतं,” मालक म्हणाले. “तू विचारलंस तेव्हा कुणी नाही म्हणालो. तुझी काही चूक नव्हती. मी सगळीकडे तुझं नाव खराब केलं.”

कानसेनने चकती घेतली नाही. तो खोक्याबाहेर आला, माझ्या बॉनेटवर तळवा ठेवून थोडा वेळ उभा राहिला. मी जमेल तेवढं नीट बोलले.

“गाडी बरी आहे,” तो म्हणाला. “तेव्हाही बरीच होती.”

मग त्याने बोळा पुन्हा कानात घातला आणि आत जाऊन बटण दाबलं. दांडा वर गेला. ताई दार उघडून उतरली आणि त्याच्या खोक्यापाशी जाऊन उभी राहिली. मालक एकटेच मला घेऊन निघाले.

याला सहा महिने झाले. मी आता बंद पडत नाही. मालक मला दर रविवारी धुतात. ताई रविवारी बसने भावाकडे जाते आणि संध्याकाळी परत येते. माझी डावी सीट रिकामीच असते. दुकानात मालक ज्याला त्याला सांगतात, चूक माझी होती, कानसेनचा कान शाबूत आहे. लोक मान हलवतात आणि खोकल्याचं औषध मागतात. पहिली बातमी आठ दिवसांत सगळीकडे झाली होती. ही दुकानाची पायरीसुद्धा उतरत नाही. गॅरेजला कुलूप आहे ते आहेच.

ज्यांनी इथवर ऐकलंत त्यांच्याकडे काही मागणं नाही. मागणं आहे ते एकट्या कानसेनकडे. कधी वेळ झाला तर ये. बॉनेट उघड आणि थोडा वेळ उभा राहा. मला काहीही झालेलं नाही. तरी ये.