न घेतलेलं लाल पाकीट

सिनेमात मेल्याचं सोंग घेणाऱ्याला काम संपताक्षणी लाल पाकीट द्यायचं, आणि त्याने घरी पोचायच्या आत त्यातल्या पैशांचं काहीतरी गोड घेऊन खाऊन टाकायचं, अशी आमच्याकडे चीनमध्ये रीत आहे. मग सोंगातलं मरण अंगाला चिकटत नाही. बाबांनी पाकीट घेतलं नाही. डिसेंबरात ते बर्फात मेलेला सैनिक होऊन निजले आणि मार्चमध्ये अंगणात सरपण रचता रचता कोसळले.

डॉक्टर म्हणाले, मेंदूतली शीर फुटली. आई म्हणाली, पाकीट.

"घरी आले तेव्हा मी विचारलं, घेतलंत का? नाही म्हणाले. मी नुसती बघत राहिले. हाताला धरून परत पाठवायला हवं होतं." एवढंच ती सांगायची, तेही विचारलं तरच. ती रडली नाही. वसंतात सगळं गाव आपापल्या माणसांची थडगी झाडायला डोंगरावर गेलं, तेव्हा ती खिडक्यांच्या काचा पुसत बसली. तिचं दुःख मी वाटून घेतलं असतं. पण ती दुःख करत नव्हती, स्वतःला शिक्षा देत होती, आणि उरलेलं आयुष्य तशीच काढेल याची मला भीती वाटत होती. मी हार्बिनच्या एका ग्रंथालयात काम करते. अशा समजुतींबद्दल शहाण्या माणसांनी लिहिलेलं बरंच वाचलं आहे. त्यातलं एक वाक्यही आईसमोर उच्चारायची माझी हिंमत झाली नाही.

सिनेमा कोरियाच्या लढाईवरचा होता. शत्रूची वाट पाहत बर्फात दबा धरून बसलेली आपली तुकडी, आणि सकाळी बंदुकांसकट जागच्या जागी गोठलेली ती पोरं. त्यासाठी शेकडो तरुण हवे होते. आमच्या गावात जंगलतोड बंद झाल्यापासून तरुण उरलेला नाही. सगळे दक्षिणेकडे कारखान्यांत गेले. मग त्यांनी म्हातारे घेतले. तोंडावर मेण आणि खोटं हिम थापलं की वीस काय आणि सत्तर काय. बाबा चौसष्टचे होते. त्यांचा चुलता त्या लढाईला गेला तेव्हा एकोणीसचा होता आणि परतला नाही. "त्याच्या जागेवर मी नाही निजायचं तर कोणी?" असं म्हणून बाबांनी पहिल्याच दिवशी नाव दिलं होतं.

ऑक्टोबरात गावच्या सभागृहात दुपारचा खास खेळ ठेवला. काम केलेल्यांना आणि हुतात्म्यांच्या घरच्यांना पुढच्या रांगा. आई येणार नव्हती. मग शेजारच्या लुआन काकू दारात येऊन म्हणाल्या, "तुम्हा तोंगांची खुर्ची रिकामी राहिली तर लोक काय म्हणतील?" आईने कोट चढवला.

आमच्या मागच्या रांगेत बाबांचे जंगलतोडीच्या कामातले जुने सोबती बसले होते, लुआन काकाही त्यांत. त्यांना गप्प बसवणं कोणाला जमण्यासारखं नव्हतं.

"तो बघ, तो मी! डावीकडून तिसरा!"

"नाकावरून कळलं. बर्फात पुरलं तरी वर येतं."

"आणि तू? पाठमोरा? सबंध दिवस पाठ दाखवायला गेला होतास?"

लुआन काका पडद्यावर दिसले, डोळे मिटलेले, भुवयांवर पांढरे खडे. लुआन काकू उसासा टाकून म्हणाल्या, "इतके शांत घरी कधी दिसले नाहीत."

मग सगळे हळूहळू गप्प झाले. बर्फाच्या बांधामागे ओळीने पडलेल्या माणसांवरून कॅमेरा सरकत होता. संगीतही थांबलं होतं. कोणीतरी हुंदके देत होतं. मी एकेक चेहरा शोधत होते, आणि सापडू नये असंही मला वाटत होतं. ओळीच्या टोकाला एकाने बंदुकीच्या दस्त्यावर गाल टेकला होता. खालचा ओठ थोडा सुटला होता.

"झोपलेत," आई म्हणाली.

मागून कोणीतरी शू केलं.

"अहो, झोपलेत ते!" आईचा आवाज चढला. "मेलेत कुठे?" ती माझ्याकडे वळली. "रू, ओठ बघ त्यांचा. चाळीस वर्षं मी शेजारी निजले. मला कळत नाही होय?"

चेहरा पडद्यावरून गेला. आई पुढचा सिनेमा बघत नव्हती. मान वळवून मागच्या रांगेतल्या लुआन काकांकडे बघत होती, आणि लुआन काका अतिशय एकाग्रतेने लढाई बघत होते.

खेळ सुटल्यावर तिने त्यांना बाहेर पायऱ्यांवर गाठलं.

"भावजी, खरं सांगा."

"वहिनी, मी शब्द दिलाय."

"ज्याला दिला तो आता जाब विचारायला येत नाही. बोला."

लुआन काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "पहाटेपासून मेण थापून बसवलेलं. अंगात दोन कोट, पोटाला त्या गरम पट्ट्या चिकटवलेल्या. ऊब लागली आणि गेला की हा! दिग्दर्शक ओरडला, झालं, उठा. सगळे उठले. हा उठेना. सिनेमावाल्यांची ती बीजिंगची पोरगी धावत आली, हलवतेय, हाका मारतेय, रडायलाच लागली. डॉक्टरला बोलवा म्हणून आरडाओरडा. आणि तेवढ्यात हा घोरला."

"मोठ्याने?"

"बंदूक हलली, वहिनी."

आईच्या तोंडून एक आवाज निघाला. हसू होतं की काय, ते तिलाही कळलं नसावं.

"मग ती पोरगी लाल पाकिटं वाटत आली. हा म्हणतो, मला नको. मी मेलोच नव्हतो, झोपलो होतो. जे केलं नाही त्याचं पाकीट कसं घेऊ? तिने परोपरीने सांगितलं. ऐकेल तर शपथ! तुम्हाला ठाऊक आहे त्याचा स्वभाव."

"आणि हे मला सांगायला काय झालं होतं त्यांना?"

"लाज वाटली. हुतात्म्याच्या घरचा माणूस, आणि त्या जागी घोरत पडला. गाव माझ्यावर हसलं तर हसू दे म्हणाला, पण चुलत्याच्या मरणावर हसायला नको." लुआन काकांनी पुन्हा टोपी काढली. "परत येताना ट्रकमध्ये म्हणाला, लुआन, शेवटी ऊबच लागते रे. चुलत्यालाही लागली असेल. आजी जन्मभर विचारायची, पोराला फार सोसावं लागलं असेल का. तिला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं."

चुलत्याच्या पोटाला गरम पट्ट्या नव्हत्या. बाबांना हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरी त्यांनी ते त्यांच्या आजीला सांगितलंच असतं, आणि मीही सांगितलं असतं.

"म्हणजे मरणाचं काही देणंच लागत नव्हतं," आई हळू म्हणाली. "मेलेच नव्हते, तर पाकीट कशाचं?"

"तेच तर तो म्हणत होता."

"मूर्ख माणूस," आई म्हणाली. "मूर्ख, मूर्ख माणूस." आणि ती पायरीवर बसली आणि रडली. सात महिन्यांचं रडणं, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, नाक कोटाच्या बाहीला पुसत. लुआन काका घाबरून माझ्याकडे बघू लागले. मी त्यांना मानेनेच सांगितलं, असू दे. मी आईच्या शेजारी बसले. तिचा हात हातात घ्यायचं मला बराच वेळ सुचलं नाही.

घरी जाताना ती अगदी सावकाश चालत होती. कोपऱ्यावरच्या दुकानात मेलेल्यांसाठी जाळायचे कागदी हिवाळी कपडे टांगायला सुरुवात झाली होती. ते जाळायचा दिवस पुढच्याच महिन्यात होता. आई दुकानासमोर थांबली. एक निळा कोट तिने बोटांनी चाचपला, कागदाच्या आत कापूस घातलाय का ते बघितलं.

"कोणासाठी, मावशी?" दुकानदारीण म्हणाली. "माप कोणतं देऊ?"

"अंगाने मोठे आहेत," आई म्हणाली. "आणि कान झाकणारी टोपी दे एक. त्यांना कुठेही झोप लागते."