काचेवर काय कोरायचं

१९८७ साल. त्या वर्षी आमच्या लिमुरू गावात चोर गाड्यांचे आरसे झाडावरची पेअरची फळं तोडावीत तसे तोडून नेत. आपलाच आरसा नैरोबीत जाऊन परत विकत घ्यावा लागे. म्हणून जो तो काचांवर, दिव्यांवर गाडीचा नंबर कोरून घेई. कोरलेला माल चोराला खपवता येत नसे.

कोबी विकून मी प्यूजो पिकअप घेतली होती. आठवडाभर मीच चालवायची. रविवारी चर्चला जाताना मात्र चावी नवऱ्याच्या, किमोथोच्या हातात. कागदही त्याच्याच नावावर. बाईच्या नावावर गाडी कशाला, असं तेव्हा सगळेच म्हणत. आठवलं की अजून माझं डोकं तापतं.

चौकात ओकोथ कोरायला बसायचा. चर्चहून येताना मी गाडी थांबवायला लावली.

"काही नको," किमोथो म्हणाला. "कोरलेल्या गाडीला भाव येत नाही."

"भाव? विकतंय कोण?"

तो चावी बोटाभोवती फिरवत राहिला.

"वाइरिमूचे बाबा, मी काय विचारतेय?"

"नाकुरूला जमीन बघितलीय. तू कोबी बसने ने."

नाकुरूत त्याचं कोण राहतं, ते सगळ्या लिमुरूला ठाऊक होतं.

"त्या बाईच्या घरासाठी माझी गाडी?"

"तुझी? कागदावर नाव कुणाचंय?"

"मावशी, भांडण घरी करा, गिऱ्हाईक पळतंय," ओकोथ म्हणाला.

"नंबर राहू दे," मी त्याला म्हटलं. "नाव कोर. सगळ्या काचांवर, तळहाताएवढं. वाइरिमूची आई."

मला सगळे याच नावाने ओळखत. आणि आमच्यात थोरल्या मुलीला बापाच्या आईचं नाव देतात.

किमोथोने ओकोथचा हात धरला. "हात लावशील तर बघ!"

"मग नंतर घासून काढ की! तुझ्या आईचं नाव आहे. त्या बघ आल्याच, त्यांच्यादेखत घास!"

सासूबाई बायकांबरोबर मागून चालत येत होत्या. त्यांना वाचता येत नसे. काय कोरायचंय ते ओकोथने सांगितलं.

"कोर बाळा," त्या म्हणाल्या. "मागच्या काचेवर पण." मग लेकाकडे वळल्या. "कोबीची पोती कोण उचलतं, ते दिसतं मला. डोळे शाबूत आहेत माझे."

त्यानंतर पिकअप विकत घ्यायला दोन गिऱ्हाइकं आली. काच वाचून दोघांनीही विचारलं, "हिला विचारलंय का?" आणि परत गेली.

किमोथो त्याच वर्षी नाकुरूला गेला, बसने. तिथेच वारला. मातीला मी गेले, पण रडले नाही. सासूबाई शेवटपर्यंत माझ्याजवळ राहिल्या. ओकोथने किसुमूत काचांचं दुकान टाकलं. पिकअप कोबी वाहता वाहता गंजून संपली. वाइरिमू एल्डोरेटला शिक्षिका आहे. तिच्या गाडीचे कागद तिच्याच नावावर आहेत. मी स्वतः मागून घेऊन बघितले.