जयाबाई गप्प बसतात

वेसाव्याच्या जयाबाईंचं उभं आयुष्य पाखरांशी भांडण्यात गेलं होतं. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातले की कावळा, घार, बगळा, जो येईल त्याला बाई असा "हाऽऽड!" ठोकायच्या की पलीकडच्या गल्लीतलं तान्हं पोर दचकून उठायचं. आणि याच बाईंचा थोरला, प्रज्योत, आता भांडुपच्या खाडीकाठी लोकांना पक्षी दाखवायला निघाला होता. कलियुग, दुसरं काय!

आज त्याची पहिली फेरी. नीट पार पडली तर नोकरी पक्की, नाहीतर पुन्हा घरात लोळणं. रिकामा बसलेला पोरगा बघून जयाबाईंचा जीव अर्धा झाला होता. नवी होडी दर्यात जाते तेव्हा घरचं माणूस काठावर हवंच, असं म्हणून त्या हट्टाने बरोबर आल्या.

"आये, पाया परतो तुझे. तोंड उघरू नको," प्रज्योतने हात जोडले.

फेरीच्या मुख्य रश्मी मॅडम म्हणजे जमदग्नीचा अवतार. मागच्या गाईडला शिंक आली, तर त्याला नारळ दिला होता.

तिवरांमधल्या वाटेने सगळे चोरपावलांनी बांबूच्या आडोशाशी पोचले. ओहोटी लागलेली. समोरच्या चिखलात फ्लेमिंगोच फ्लेमिंगो. लोक दुर्बिणीला डोळे लावून हरखले. मागे प्रज्योत आणि त्याच्या शेजारी जयाबाई.

तेवढ्यात एका बगळ्याने चिखलातली निवटी मासळी उचलली. जयाबाईंच्या गळ्याशी "हा" आला. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. दुसऱ्याने उचलली, आणखी कोंबला. डोळ्यांत पाणी आलं, पण बाई हूं की चूं करेनात.

"इथे माणूस आहे, हे पक्ष्यांना कळताच कामा नये," प्रज्योत हळूच समजावत होता. "आपला श्वाससुद्धा..."

आडोशासमोरच चिखलात एक मासा उन्हाने वाळत पडला होता. वरून घार झेपावली.

"हाऽऽड! हाड मेल्या!"

सगळी खाडी उठली. फ्लेमिंगो, बगळे, घार, जे होतं नव्हतं ते ठाण्याच्या दिशेने पसार. खाली नुसता चिखल राहिला.

जयाबाई थिजल्या. बोळा तर अजून तोंडातच होता! शेजारी प्रज्योत पांढराफटक पडलेला. लहानपणी आईबरोबर वलांडीवर राखणीला बसलेलं पोर ते, गळाही आईचाच.

रश्मी मॅडम गर्रकन वळल्या. "कोण ओरडलं?"

जयाबाईंनी झटकन बोळा उपसला. "मी. सवय हाय."

प्रज्योत काही बोलणार, तोच आईने डोळे वटारले.

"मावशी, आत्ताच्या आत्ता बाहेर व्हा! आणि प्रज्योत, पुढच्या वेळी घरची माणसं आणायची नाहीत."

पुढच्या वेळी! म्हणजे नोकरी शाबूत. जयाबाईंना नाचावंसं वाटलं, पण मान खाली घालून त्या वाटेला लागल्या. जन्मात पहिल्यांदा त्या तोंड मिटून बसल्या होत्या, आणि आता वेसाव्यात हे कुणाला सांगायचीसुद्धा सोय उरली नव्हती.