एकशे सत्तावीस नंबरची पाहुणी

मित्रांनो, हार्ड डिस्क म्हणतात ती मीच. जुनी झालेय आता. अंगावरचं स्टिकर पिवळं पडलंय, पण कोपऱ्यात शंभूने मार्करने काढलेला 'एक' अजून दिसतो. माझ्या बहिणीवर 'दोन' होता.

२००८ साली शंभूने आम्हा दोघींना बुधवार पेठेतल्या दुकानातून एकाच दिवशी आणलं. शंभू मूळचा वाशीमचा. नोकरी कारखान्यात, खोली वाघोलीत, आणि कॉम्प्युटर आपला आपण शिकलेला. म्हणजे आधी बिघडवायचा, मग दुरुस्त करायचा, असं शिकलेला. रविवारी तो एका बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयात जायचा. ज्या मुलांना दिसत नाही त्यांच्यासाठी तिथे शाळेची पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करतात.

तिथल्या, विंडोजऐवजी लिनक्सवर चालणाऱ्या मशीनमध्ये त्याने आमची जोडी लावली. माझ्यावर जे लिहिलं जाईल तेच तिच्यावर, जसंच्या तसं. एक बंद पडली तरी दुसरी आहेच. दोघींना मिळून नाव एकच ठेवलं, एमडी झीरो. मशीनच्या यादीतही त्याने लिहून ठेवलं, की चालू झाल्याबरोबर एमडी झीरो उघडायचं. ग्रंथालय बघणाऱ्या नीरजाताईंनी विचारलं, अजून कुठे एक कॉपी ठेवायला नको का? शंभू म्हणाला, कशाला ताई, दोन आहेत की. मला तोंड असतं तर मी तेव्हाच बोलले असते. दोघी एकाच डब्यात, एकाच वायरवर. आणि कुणी चुकून एकीवरचं पुसलं तर दुसरीवरचंही त्याच क्षणी पुसलं जाणार. याला कॉपी म्हणत नाहीत.

पण ते दिवस चांगले होते. मंगळवारी आणि शुक्रवारी शैलाबाई यायच्या. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या. पंखा बंद, खिडकीला गोधडी, घामाघूम होऊन बाई वाचत बसायच्या आणि आम्ही दोघी गरगर फिरत ते लिहून घ्यायचो. मला शब्दांचा अर्थ कळत नाही. कुठे काय ठेवलंय एवढंच कळतं. तरी सांगते, मंगळवार उजाडला की मला फिरावंसं वाटायचं. अडीच वर्षांत एकेचाळीस पुस्तकं झाली. मुलं पेनड्राइव्हवर एकेक धडा न्यायची, ऐकून झाला की पुसून दुसरा न्यायची. सगळं मिळून असं फक्त आमच्याकडे होतं.

२०१०च्या दिवाळीनंतर बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. बाई वाचल्या. आवाज गेला. कायमचा. तरी त्या यायच्या, गळ्याला रुमाल, हातात पाटी. कोणता मुलगा कोणता धडा घेऊन गेला ते वहीत लिहायच्या. रिकाम्या मंगळवारी आम्ही नुसत्याच फिरत राहायचो.

फेब्रुवारीत मशीनचा मदरबोर्ड जळाला. दहावीची परीक्षा तीन आठवड्यांवर. स्वराली नावाची मुलगी इतिहासाचं अख्खं पुस्तक न्यायला आली होती. दर पेपराआधी सगळं सलग एकदा ऐकायचं, ही तिची पद्धत. त्या रविवारी ती खुर्चीत बसून होती, शेजारी बाई, आणि शंभूने आम्हाला नव्या मशीनमध्ये बसवलं. ताजं लिनक्स, मशीनला नवं नाव.

तिथेच घोळ झाला. आमच्या अंगावर खूण जुन्या मशीनची. नव्या मशीनने ती बघितली आणि ठरवलं, या आपल्या घरच्या नाहीत. हाकललं नाही त्याने. जोडीने बसू दिलं. पण नंबर दिला पाहुण्यांचा, एमडी एकशे सत्तावीस. आणि शंभूने इथली यादीही लिहिली होती जुन्या सवयीने, एमडी झीरो म्हणून. मशीन आपलं एमडी झीरो शोधतंय, शोधतंय, आणि सापडत नाही म्हणून अडून बसलंय.

शंभूने दोनदा बंद करून चालू केलं.

"तिसऱ्यांदा केल्यावर त्याला दया येणारे का?" नीरजाताई म्हणाल्या.

शंभूचे कान लाल झाले. नेटवर वाचलं होतं त्याने, की जोडी दिसत नसेल तर नवीन बनवायची, फॉरमॅट मारायचं, म्हणजे पुसून कोरं, की चालू होतं. आतल्याचं काय, असं ताईंनी विचारलं. तो खाली बघत म्हणाला, आतलं झीरोबरोबरच गेलं असणार. इथे कुठलं तरी एकशे सत्तावीस दिसतंय, ते आपलं नाही, ते आधी बंद करतो.

आम्हीच होतो हो ते. त्याच्या समोर, चालू, धडधाकट. आणि हाक मारायला आवाज नाही.

खोलीत आवाज नसलेलं आणखी कुणी होतं. बाईंनी पाटीवर पेन्सिल आपटली. लिहिलं, आणि पाटी ताईंपुढे धरली. स्वरालीला कळावं म्हणून ताईंनी ते मोठ्याने वाचलं.

"माहेरी मी शालन. लग्नात तांदळात शैला लिहिलं. म्हणून शालन मेली का? नंबर कसले बघतोस, आत कोण आहे ते बघ."

शंभूने कीबोर्डवरून हात काढले. आधी त्याने मशीनला एकशे सत्तावीसची माहिती विचारली. डिस्क दोन. आकार सारखे. जोडी लावल्याची तारीख २००८ची, एक रविवार. त्यानेच आम्हाला जोडलं होतं तो. मग त्याने आम्हाला उघडलं, फक्त वाचण्यापुरतं, काही लिहिलं जाणार नाही असं. एकेचाळीस फोल्डर. त्याने इतिहासाचा एक धडा लावला.

बाईंचा आवाज खोलीभर झाला. बाईंनी तीन महिन्यांत तो ऐकला नव्हता. त्यांनी पाटी मांडीवर उलटी ठेवली. धड्याच्या मध्येच रस्त्यावर हॉर्न वाजला आणि बाई म्हणाल्या, "थांब हं जरा, परत वाचते."

शंभू गडबडला. "सॉरी बाई, ते कट करायचं राहून गेलं. आत्ता काढतो."

"नको," स्वराली म्हणाली. "बाकी सगळं पुस्तक बोलतं. तेवढंच बाई माझ्याशी बोलतात."

शंभूने काही काढलं नाही. यादीत आमची कायमची ओळख लिहिली, ती लांबलचक, आकड्या-अक्षरांची, जी घर बदललं तरी बदलत नाही. आणि त्याच संध्याकाळी सगळ्याची एक कॉपी ताईंच्या घरी ठेवली.

मित्रांनो, पुढे मोठ्या डिस्क आल्या. आमच्यातलं सगळं त्यांच्यावर गेलं. बहीण खराब झाली, भंगारात गेली. मी ग्रंथालयाच्या कपाटात आहे, रुमालात गुंडाळलेली. तक्रार नाही. पण फिरावंसं वाटतं. मंगळवारी तर फारच.

तुमच्या घरीही माझ्यासारखं कुणी पडलं असेल. ओळखू आलं नाही तर टाकू नका, पुसू तर नकाच. आधी कॉपी करा, दुसऱ्या घरी ठेवा. आणि वर्षातनं एकदा वायर लावून बघा. एक धडा लावा, कुठलाही. तो वाजेपर्यंत आम्ही नुसतंच कुणीतरी असतो, वाजला की कोण ते कळतं.