मोजणीत न धरलेले कण

या सौद्यात जावईबापूंना मिळणार होती माडीवरची खोली: दोन खिडक्या, आतून कडी, आणि सासूबाईंच्या रेडिओपासून अख्खा एक जिना दूर. बदल्यात द्यायचं ते एकच जेवण, तेही बागेत, सासऱ्यांना एकही शिंक येऊ न देता.

सासऱ्यांनी हौसेनं लावलेलं भूर्जाचं झाड वाढलं आणि दर वसंतात त्यांच्याच नाकावर उठू लागलं. सहा वर्षं ते बाग काचेतूनच बघत होते.

"सत्तरीचं जेवण त्या झाडाखाली घडवा, जावईबापू. दिवस तुम्ही ठरवा. निभावलंत तर खोली तुमची."

हे आव्हान कुणाला, तर हवामान कार्यालयात परागकण मोजणाऱ्याला! त्यानं त्याच संध्याकाळी कुंपणाच्या भिंतीवर मलम फासलेली काचपट्टी ठेवली. हवेतले कण तिला चिकटणार, हा सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजणार. बुधवारी कोरडा वारा, तीनशे बारा. गुरुवारी ढग, एक्केचाळीस.

"ऊन तापून हवा कोरडी झाली की फुलांचे तुरे उकलतात," तो जेवताना समजावून सांगे. "मग एक झुळूक पुरते. ओल आली की झाड तोंड मिटून गप्प."

"झाडाला जमतं हो," सासूबाई नवऱ्याकडे बघत म्हणाल्या.

जिंकल्याची इतकी खात्री, की महिनाभर दर रविवारी त्यानं माडीवरची अडगळ उपसली, भिंतींना रंगाचे दोन हात दिले. सासूबाई जिन्यातून डोकावून जात. बोलत मात्र काही नसत.

शेवटच्या रविवारी पहाटे गडगडाटी पाऊस झाला. थांबल्यावर त्यानं नवी काचपट्टी लावली आणि दोन तासांनी तपासली. अख्खा कण एकही नाही. पिठासारखी बारीक भुकटी होती, पण कार्यालयाचा नियम स्पष्ट होता: फुटके कण मोजायचे नाहीत.

"शून्य! मांडा टेबल!"

"नीट बघितलंस ना?" बायकोनं विचारलं.

"अगं, अकरा वर्षं दुसरं काय करतोय?"

सासरे सहा वर्षांनी झाडाखाली बसले. पहिला घास सुखरूप गेला. दुसराही. तिसऱ्याला चमचा हवेतच थांबला, भुवया वर चढल्या, आणि मग जी शिंक आली तिनं पेला कलंडला. पाठोपाठ दुसरी, तिसरी. अकराव्या शिंकेनंतर जावयाची बायकोही सामील झाली. तिला आजवर कधी त्रास नव्हता.

झालं होतं असं, की पावसात भिजून कण फुगले आणि फुटले. एकेकाचे शेकडो तुकडे हवेत तरंगत होते, नाकात अख्ख्या कणापेक्षा खोल शिरणारे. काचपट्टीवरची भुकटी ती हीच.

"बाबा, नियमाप्रमाणे हवा स्वच्छ आहे," जावई चाचरत म्हणाला.

"मग त्या... आक् छी... नियमालाच रुमाल द्या!"

सासऱ्यांना आत नेऊन निजवलं. जावयानं तरीही घासाघीस करून पाहिली. "दोन घास तर बिनशिंकेचे गेले ना? निदान अर्धी खोली तरी..."

"कसली खोली?" सासूबाई म्हणाल्या. "घर माझ्या नावावर आहे. पैज लावताना मला विचारलं होतं कुणी?"

"मग महिनाभर गप्प का राहिलात, आई?"

"तुम्ही रंग देत होतात. मधेच कसं थांबवायचं माणसाला?"

दुसऱ्या दिवशी त्यांचं शिवणयंत्र माडीवर चढलं. चढवलं जावयानंच.

एकूण बेरीज अशी: सासऱ्यांचं नाक पाच दिवस बंद. बायकोचे डोळे दोन दिवस लाल. जावयाचे चार रविवार, कंबर आणि एक डबा पांढरा रंग. वर चौदा रुमालांचं धुणं. सासूबाईंचं काही गेलं नाही. त्या दिवशी बागेत सावकाश, पोटभर जेवल्या त्या एकट्याच.