पिपेवाल्याचा होकार

दोन फळ्यांच्या सांध्यावर पाण्याचा एक थेंब जमत होता. तो वाढला, थरथरला, पण ओघळला नाही. क्वामिनोने नव्या पिपात कढत पाणी ओतून ते आडवं केलं होतं आणि उकिडवा बसून तो त्या थेंबाकडे बघत होता. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि आपली फट आपणच बुजवतं. फक्त त्याला थोडा वेळ द्यावा लागतो. थेंब आकसत गेला. सांधा कोरडा झाला. क्वामिनोने त्यावरून बोट फिरवलं आणि पीप उभं केलं.

दारात उभ्या असलेल्या दोघांनी हे सगळं पाहिलं होतं. एक त्याचा मालक, गिडियन शेल. ही पिपांची वखार शेलची, धक्क्याकडे उतरणारी अर्धी गल्ली शेलची आणि क्वामिनोही शेलचाच. दुसरा कप्तान ओबेड पेटिस. त्याचं जहाज अमेरिकेतल्या न्यूपोर्टहून रम घेऊन आफ्रिकेत गिनीच्या किनाऱ्याला जायचं, तिथे रम देऊन माणसं घ्यायचं, ती साखरेच्या बेटांवर विकायचं आणि काकवी भरून परत यायचं. काकवीची पुन्हा रम व्हायची. गावात कोणाला यात विशेष काही वाटत नसे.

कप्तानाचा आधीचा पिपेवाला गेल्या सफरीत तापाने मेला होता. समुद्रावर सगळ्यांचं पाणी पिपेवाल्याच्या हातात असतं, म्हणून त्या धक्क्यावर एक रीत पडली होती. गुलाम असो की मोकळा, पिपेवाल्याला बळजबरीने न्यायचं नाही. निघण्याआधी त्याने खलाशांसमोर, स्वतःच्या तोंडाने, खुशीने येतो असं म्हणायचं. तो तसं म्हणाला नाही तर खलाशी जहाजावर चढायच्या फळीवर पाय ठेवत नसत. क्वामिनोला विकता येत होतं, भाड्याने देता येत होतं, खांबाला बांधून फोडून काढता येत होतं. पण हे एक वाक्य त्याच्याकडून काढून घेता येत नव्हतं. आधीचा पिपेवाला असतानाही कप्तान वर्षानुवर्षं ते मागत होता. क्वामिनो सरळ नाही म्हणत नसे. छातीत दुखतं, पिपांना लोखंडी कडी चढवायची राहिलीत, पुढच्या खेपेला बघू, असं काहीबाही सांगून तो वेळ मारून नेत असे.

"आता पुरे झालं तुझं छातीचं दुखणं," कप्तान म्हणाला. "लेका, तुझ्या पिपांवर माझा जेवढा भरवसा आहे तेवढा बायकोवरही नाही."

शेल हसला. परत आलास की मोकळीकीचा कागद करून देतो, असं त्याने सांगितलं आणि कप्तानाला साक्षीला धरलं. जहाज दुसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीला सुटणार होतं.

"उद्या धक्क्यावर सांगतो, मालक," क्वामिनो म्हणाला आणि पिपातलं पाणी ओतून टाकायला वळला.

मिंटा त्याची एकुलती एक पोर. तिची आई तिच्या जन्माच्या वेळीच गेली होती. मिंटा अकराव्या वर्षात होती तेव्हा कप्तानाचं जहाज घोडे, मेणबत्त्या आणि खारवलेला मासा घेऊन सरळ बेटांकडे निघालं होतं. बुचांची पिशवी वखारीतच राहिली, पोरीच्या हाती पाठवून दे, असं शेल घाईघाईने सांगत आला. क्वामिनोने पिशवी स्वतः तिच्या खांद्याला अडकवली. ओझ्याने ती एका बाजूला कलली, म्हणून त्याने पट्टा आखूड केला. पिशवी राहिली नव्हती, पोरीला जहाजावर धाडायला मुद्दाम ठेवली होती, हे त्याला शिडं दिसेनाशी झाल्यावर कळलं. शेलने पुढे सांगितलं, की पोर बेटावर चांगल्या घरी पडली आहे, शिवणकाम शिकते आहे. कप्तानाने परतताना क्वामिनोसाठी तिकडची एक गवती टोपी आणली. ती त्याने कधी डोक्यावर घातली नाही. तिच्यात तो बुचं ठेवायचा. कप्तानापाशी त्याने पोरीचं नाव एकदाही काढलं नव्हतं. विचारताना आपल्या आवाजात काय उतरेल, याची त्याला खात्री नव्हती.

धक्क्याच्या तोंडाशी जूबा कालवं विकायला बसत असे. ती मेणबत्त्या करणाऱ्या एका घराची गुलाम होती आणि बंदरातले सगळे काळे लोक तिला मावशी म्हणत. त्यांचं ऐकून गोरे खलाशीही म्हणायला लागले होते. क्वामिनो तिच्या टोपलीशी आला तेव्हा कप्तानाच्याच जहाजावरचा जेम नावाचा तांबूस केसांचा खलाशी तिथे घोटाळत होता.

"कालवं ताजी आहेत ना, मावशी? की तुझ्याच वयाची?"

"माझ्या वयाची असती तर तुझ्यासारख्याच्या तोंडी लागली नसती."

जेम मोकळेपणाने हसला. क्वामिनोला पाहून तो म्हणाला, की तू येणार असशील तर मी माझ्या आईला सांगून टाकतो, तुझा मुलगा या खेपेला नक्की परत येईल म्हणून. क्वामिनोने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. जेम शीळ घालत पुढे गेला.

क्वामिनो जूबाशेजारी बसला. त्या दोघांत एक जुनं बोलणं अर्धं राहिलं होतं. दोन हिवाळ्यांमागे त्याने तिला एक पीप दाखवलं होतं. तळाजवळ सुईएवढं भोक, त्यात चरबी भरलेली. न्यूपोर्टच्या थंडीत चरबी दगडासारखी राहते; उष्ण समुद्रात ती वितळते आणि कोणाच्या लक्षात येण्याआधी पीप रिकामं होतं. कप्तानाच्या जहाजासाठी अशीच पिपं करायची, असं त्याच्या मनात होतं. जूबाने पिपावर हात ठेवून विचारलं होतं, यातलं पाणी कोणाच्या वाट्याचं? ती स्वतः लहानपणी अशाच जहाजाच्या पोटातून आली होती, शेजारी बांधलेल्या बाईच्या पाठीवरचा घाम चाटत. तहान आधी खाली उतरते, ती म्हणाली होती. वर पोचेपर्यंत खालचे संपलेले असतात. क्वामिनोने ते पीप फोडून चुलीत घातलं होतं.

आता तो पायांमधल्या फळीकडे बघत म्हणाला, "जाताना जहाजाच्या पोटात काय असतं, मावशी?"

"रम."

"आणि वर?"

"कप्तान. त्याची माणसं." जूबाचा चाकू कालवाच्या शिंपल्यात अडकून राहिला. "आणि तू गेलास तर तू."

"आणि मी."

तिने जेम गेला त्या दिशेला पाहिलं आणि विचारलं, त्या तोंडाळाचं काय?

"माहीत असून दरवर्षी जातोच ना तो," क्वामिनो म्हणाला.

जूबाने त्यावर वाद घातला नाही. तिने दुसरंच काढलं. परतताना जहाज बेटावर थांबतं. पाणी नीट राखलंस तर तिथे पोरीचं तोंड दिसेल, कदाचित तासाभरासाठी, पण दिसेल. फक्त मधला समुद्र बांधलेल्या माणसांनी भरलेल्या जहाजातून ओलांडावा लागेल, आणि कप्तानाला रोज गार पाणी काढून द्यावं लागेल.

"एक तर पोरीला भेटशील, नाहीतर त्याला मारशील. एका जहाजात दोन्ही मावत नाही, लेका."

क्वामिनोने तिच्या हातातून चाकू घेतला आणि ते कालव फोडलं. शिंपल्याची धार अंगठ्याला लागली. रक्त पुसायचं सोडून तो कालवाकडे बघत बसला, मग ते तिच्या टोपलीत ठेवून उठला.

दुसऱ्या दिवशी दुपारी खलाशी फळीपाशी जमले होते. भरती चढली होती आणि दोर ताणले जात होते. शेल नवा कोट घालून आला होता. कप्तान खुशीत होता. पिपेवाला हत्यारांची पेटी खांद्यावर घेऊन आला, त्या अर्थी काम झालं, असं तो मोठ्याने म्हणाला. खलाशांपैकी कोणीतरी ओरडलं, की पेटी बोलत नाही, माणसाला बोलू द्या.

क्वामिनोने पेटी खाली ठेवली.

"परतताना बेटावर थांबणार, कप्तान?"

"थांबणारच. का?"

"मिंटाला बघता येईल?"

"कोण मिंटा?"

कप्तानाच्या चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. शेल खाकरला आणि भरतीचं काहीतरी बोलू लागला.

"बुचांची पिशवी घेऊन आली होती," क्वामिनो म्हणाला. "माझी पोर."

कप्तानाने कपाळ चोळलं, आणि हरवलेली वस्तू सापडावी तसा त्याचा चेहरा उजळला.

"हां, ती. ती कुठली बेटावर पोचते? वारा पडला होता रे त्या खेपेला, जहाज जागचं हलेना. पाणी पुरेना. एवढे महागाचे घोडे, ते तर जगवायला हवे होते." तो शेलकडे वळला. "तू सांगितलं नाहीस याला?"

शेल दोराच्या वेटोळ्याकडे बघत राहिला. जेमने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. पलीकडे जूबाचं एक गिऱ्हाईक तिला दोनदा हाक मारत होतं. ती ऐकत नव्हती.

कप्तानाने क्वामिनोच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात जड आणि उबदार होता, आणि त्यात वाईट हेतू नव्हता.

"म्हणून तर तुझ्यासारखा माणूस हवा," तो म्हणाला. "तेव्हा असतास तर अशी वेळ आली नसती. बरं, भरती थांबायची नाही. या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग."

क्वामिनो एकेका खलाशाकडे बघत गेला. जेमपाशी त्याची नजर थांबली. जेमने हातातल्या टोपीकडे पाहिलं, पण तो मागे सरला नाही. क्वामिनोने कप्तानाकडे तोंड केलं.

"येतो," तो म्हणाला. धक्क्याच्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "माझ्या खुशीनं येतो."