पोटावरची सहा बटणं

इंग्रजीवर माझा पहिल्यापासून राग. चौथीत शाळा सुटली ती सुटली, पुढे इंग्रजीची नि माझी गाठ पडायचं कारण नव्हतं. मी इस्पितळाच्या शिवणखोलीत बावीस वर्षं चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट शिवत आले. फाटलेलं जोडायला इंग्रजी कशाला लागतं?

लागलं! आमच्या खोलीच्या मुख्य शिंपीणबाई निवृत्त व्हायला निघाल्या आणि मेट्रनबाईंनी फर्मान काढलं. जिला मुख्य व्हायचं तिने रोजचा अहवाल इंग्रजीत लिहायचा. त्यासाठी पंधरा दिवसांनी, शुक्रवारी सकाळी परीक्षा, वीस गुणांची. कोणीच पास झालं नाही तर खोली स्टोअरवाल्यांच्या हाताखाली जाणार.

हे स्टोअरवाले म्हणजे काय चीज आहे ते सांगते. चादरीला बोटभर भोक दिसलं की म्हणतात, ‘टाकून द्या.’ अभ्र्याची नाडी तुटली, टाकून द्या. आम्ही बायकांनी त्यांचं नावच ‘टाकूनद्या’ ठेवलं होतं. असा माणूस आमच्या डोक्यावर बसला तर आमच्या सुया-दोऱ्यांचं काय? आमच्या खोलीत आलेली वाकडी टीप सरळ झाल्याशिवाय बाहेर जात नाही, ही माझी शिस्त. आणि हा बाबा खोलीलाच कुलूप लावायचा.

घरी येऊन मी पिशवी आपटली. “मेलं ते इंग्रजी! पंधरा दिवसांत कोणाला येतं?”

सूनबाई भाजी चिरत होती. ती औषधाच्या दुकानात काम करते, दिवसभर इंग्रजी लेबलं वाचते. म्हणाली, “आई, अख्खं इंग्रजी कुठे हवंय? तुमच्या अहवालात काय असतं? धुतलं, शिवलं, घड्या घातल्या, इस्त्री केली. शब्द तोच राहतो, फक्त शेपूट बदलतं.”

“शेपूट?”

“तुमच्या भाषेत सांगायचं तर ठिगळ.”

एक कबूल करते. ही मुलगी घरात आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. मी शिंपीण आणि माझी सून सदऱ्याचं बटण लावायला शेजारी जाते, म्हणून मी तिला सगळ्या नात्यागोत्यात हसले होते. तिच्यासमोर. तीच आता माझ्यासमोर पाटी घेऊन बसली होती.

पाटीवर काही जमेना. अक्षरं डोळ्यांपुढे मुंग्यांसारखी पळायची. मग मीच उठले, चादरीच्या कापडाच्या पट्ट्या कापल्या आणि म्हटलं, “ह्याच्यावर लिही. हाताला लागल्याशिवाय माझ्या डोक्यात काही जात नाही.” तिने कपड्यांवर खुणा करायच्या पक्क्या शाईने एकेका पट्टीवर शब्द लिहिले. वॉश, फोल्ड, स्टिच, ड्राय, शीट, नर्स. ठिगळं वेगळी कापली: एस, ईएस, आयईएस, ईडी, आयईडी, आयएनजी. पट्टीच्या टोकाला टिचबटणाचं एक अर्धं, ठिगळाला दुसरं. टिच्‌ केलं की वॉशचं वॉश्ड. टिच्‌ काढलं, आयएनजी लावलं, की वॉशिंग.

अगं बाई, हे तर आमचंच काम निघालं! ड्रायला ईडी लावायचं तर आधी शेवटचा वाय उसवायचा, मग आयईडी जोडायचं. ‘यूज’ला आयएनजी लावताना शेवटचा ई कापून टाकायचा. ‘पिन’ला ईडी लावताना एन दोनदा, म्हणजे दुहेरी टीप. मी धडाधडा जोडत सुटले.

अडले फक्त त्या एसपाशी. चादरी अनेक झाल्या की एस लागतो, ठीक. पण एक नर्स धुवायला लागली की एस धुण्याला, आणि चार नर्सा धुवायला लागल्या की तो एस धुण्याला सोडून नर्सांकडे जातो. मी चिडले. “हा काय चहाटळपणा?”

“आई, एस एकच आहे. आज कोणाकडे राहायचा, एवढाच वाद.”

“मग तसं सांग ना! आमच्या खोलीतली चांगली कात्री पण एकच आहे.” आम्ही दोघी इतक्या हसलो की माझा मुलगा आतून बघायला आला.

‘कट’ हा शब्द मात्र तिने बाजूला ठेवला. म्हणाली, हा आडमुठा आहे, काल कापलं तरी ईडी लावून घेत नाही. शिंपिणीचा मुख्य शब्द आणि त्याचाच असा ताठा! मला ते पटलंच नाही.

परीक्षेच्या चार दिवस आधी सूनबाईने माझा कामाचा ॲप्रन पुढे केला. पोटावर सहा टिचबटणं ओळीने लावलेली आणि त्यांवर सहाही ठिगळं. “चहाच्या सुट्टीत पट्ट्या काढून सराव करता येईल. खाली मान घातली की तुम्हाला सरळ दिसतील.”

मी टाके बघितले. देवा रे! एक टाका पूर्वेला, एक पश्चिमेला. मागच्या बाजूला दोऱ्याच्या गाठीच गाठी. तिच्या बोटाला पट्टी होती. “मीच लावलीत,” ती म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला हसू फुटलं. आवरायचं सोडून मी हसले, पुन्हा. ती पण हसली, पण जरा उशिरा. ते उशिराचं हसणं मला दिवसभर टोचत राहिलं.

शुक्रवारी मेट्रनबाईंच्या खोलीत मी एकटीच. बाकीच्या बायकांनी आधीच हात टेकले होते. समोर मोठं टेबल, टेबलापलीकडे बाई, नाकावर चष्मा. पेपर बघितला आणि जिवात जीव आला. सगळे माझेच शब्द! झरझर लिहिलं. अर्ध्यावर आले असेन, तेवढ्यात बाईंनी मान तिरकी केली. मग आणखी तिरकी केली, पार उलटी होईपर्यंत.

“तुमच्या पोटावर काय लिहिलंय?”

मी खाली बघितलं आणि तोंडचं पाणी पळालं. ॲप्रन! बावीस वर्षांत त्या इमारतीत ॲप्रनशिवाय पाऊल टाकलं नव्हतं. सकाळी दारातून आत शिरले तशी हातांनीच खुंटीवरून काढून बांधला होता. सगळं व्याकरण पोटावर मिरवत मी परीक्षेला बसले होते.

“बाई, शपथ घेते, मी बघितलं नाही! बघितलं असतं तर अंगावर ॲप्रन आहे हे तरी कळलं असतं की नाही?”

बाईंनी पेपर ओढून घेतला. “काढा.”

मी एकेक ठिगळ काढून टेबलावर ठेवलं. टिच्‌, टिच्‌, टिच्‌. त्या शांत खोलीत तो आवाज केवढा वाटला! संपलं, मला वाटलं. टाकूनद्यांनी कुलूप आणायला माणूस पाठवला असेल.

मग ॲप्रनच सोडून दिला. बाईंनी तो हातात घेतला, बटणांवरून अंगठा फिरवला, उलटा करून गाठी बघितल्या. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “हे टाके तुमचे? आणि तुम्हाला मुख्य व्हायचंय?”

आता सांगणं सोपं होतं. ‘माझ्या सुनेला शिवता येत नाही हो’ म्हणायचं आणि हसायचं. वर्षानुवर्षं तेच करत आले होते. पण तोंड उघडलं आणि तिच्या बोटाची पट्टी आठवली. बाई म्हणाल्या, “जे सांगायचं ते इंग्रजीत सांगा. परीक्षा चालू आहे.”

मी उभी राहिले. हात रिकामे, पोट रिकामं. म्हटलं, “माय सन्स वाइफ स्टिच्ड धिस. शी वर्क्स ऑल डे. शी टीचेस मी इन द इव्हिनिंग्ज. आय लाफ्ड ॲट हर स्टिचेस.” मग पदराने डोळे पुसले आणि खरं तेच सांगितलं, “नाऊ आय ॲम क्राइंग.”

बाईंनी खणातून कोरा पेपर काढला. “पेपर होईपर्यंत ॲप्रन इथे राहील. तुम्ही पहिल्यापासून लिहा.”

लिहिलं. वीसपैकी अठरा मिळाले. दोन गेले कुठे? ‘कट’ला मी ईडी लावलं होतं. त्याचा ताठा उतरवायचाच होता मला!

घरी जाऊन मी सूनबाईला दारातच मिठी मारली. तिला काही कळेना. मी म्हटलं, “तुला मी फार हसले गं. चुकलंच माझं.” ती रडली, मी रडले, मग तिला अठराचा आकडा सांगितला आणि आम्ही स्वयंपाकघरात फुगडी घालायचीच बाकी ठेवली. जरा शांत झाल्यावर ती म्हणाली, “आई, आता ती बटणं उसवून नीट लावा ना. तुम्ही मुख्य झालात, लोक बघतील.”

“त्या टाक्यांना हात लावायचा नाही, याद राख!”

सोमवारी मी मुख्य शिंपिणीच्या खुर्चीत बसले. टाकूनद्या दारात आले, माझ्या ॲप्रनकडे बघून नेहमीचं वाक्य म्हणाले. मी त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला आणि संध्याकाळी पहिला अहवाल लिहिला. शीट्स अडतीस, मेंडेड, म्हणजे दुरुस्त. पिलो कव्हर्स बारा, मेंडेड. खाली जागा उरली होती, तिथे लिहिलं: ॲप्रन एक, वाकडे टाके, नॉट मेंडेड.

मेट्रनबाईंनी वाचलं आणि खाली सही केली.